मोहरीएवढी गाठ आणि फोडलेला पाट

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. शाळेत मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. निवृत्तीनंतर वाचायला निवांत वेळ मिळाला आणि लक्षात आलं, की राजांना असतो तसा कल्पनांनाही इतिहास असतो. त्यांचा जन्म होतो, त्यांची हेटाळणी होते, मग एक दिवस त्यांना डोक्यावर घेऊन नाचतात, आणि बऱ्याच वर्षांनी त्या आपल्या खऱ्या मापाच्या जागेवर येऊन बसतात. आज अशाच एका कल्पनेची गोष्ट सांगणार आहे. विषय आहे कर्करोगाच्या, त्यातही फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठीला रक्त मिळतं कसं, हा. जड वाटेल, पण घाबरू नका मंडळी! मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. मला जेवढं समजलं तेवढंच, आणि समजलं त्याच शब्दांत लिहिते.

आधी एक साधी गोष्ट. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला प्राणवायू लागतो आणि तो रक्तातून येतो. पण केशवाहिनीतून बाहेर पडलेला प्राणवायू फार लांब जाऊ शकत नाही. फार तर मिलिमीटरचा एक-दोन दशांश भाग, म्हणजे कागदाच्या जाडीएवढं अंतर. त्याच्यापलीकडची पेशी गुदमरते. त्यामुळे शरीरात कोणतीही गोष्ट वाढायची असेल तर तिच्यापर्यंत रक्तवाहिनी पोचली पाहिजे. गर्भात आणि बालपणी हे काम जोरात चालतं. मोठेपणी मात्र नवीन रक्तवाहिन्या फुटणं जवळजवळ बंद होतं. जखम भरून येताना, बाईच्या मासिक चक्रात आणि गरोदरपणात, एवढ्याच वेळी ते काम पुन्हा सुरू होतं आणि काम झालं की थांबतं.

कर्करोगाच्या गाठीत रक्तवाहिन्या भरपूर असतात, हे डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिलं होतं. १९४५ मध्ये अमेरिकेत अॅल्गायर नावाच्या संशोधकाने उंदराच्या कातडीत चक्क एक पारदर्शक खिडकी बसवली आणि गाठीकडे नवीन रक्तवाहिन्या कशा सरकत येतात ते दिवसागणिक पाहिलं. पण पाहणं वेगळं आणि त्यामागचं कारण शोधणं वेगळं. गाठीच्या आसपास सूज असते, दाह असतो, म्हणून रक्तवाहिन्या येत असतील, त्यात विशेष ते काय, असाच सर्वसाधारण समज होता.

आता या गोष्टीचा नायक. ज्यूडा फोकमन. जन्म १९३३ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. वडील ज्यू धर्मगुरू. ते इस्पितळात आजारी माणसांना धीर द्यायला जात तेव्हा लहानग्या ज्यूडाला बरोबर नेत. मुलाने धर्मगुरू व्हावं ही वडिलांची इच्छा, पण इस्पितळाच्या त्या फेऱ्यांतूनच मुलाने ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं. झालाही. बोस्टनला शल्यचिकित्सेचं शिक्षण घेत असतानाच नौदलात सक्तीची सेवा करावी लागली आणि १९६० च्या सुमारास तो मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथल्या नौदलाच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचला.

तिथे त्याला दिलेलं काम भलतंच होतं. महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या जहाजांवर रक्त साठवून ठेवता येत नाही, तेव्हा रक्ताला काही पर्याय शोधायचा. फोकमन आणि त्याचा सहकारी फ्रेडरिक बेकर यांनी हिमोग्लोबिनचं द्रावण तयार केलं. ते चालतं का हे बघायला त्यांनी प्राण्यांच्या थायरॉईड ग्रंथी काचेच्या भांड्यात ठेवून त्यांतून हे द्रावण खेळवलं. ग्रंथी जिवंत राहिल्या. मग प्रश्न आला, की यांत काही वाढू शकेल का? झपाट्याने वाढणारी गोष्ट कोणती? कर्करोग! म्हणून त्यांनी ग्रंथीत उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या.

गाठी वाढल्या. एक-दोन मिलिमीटर झाल्या, म्हणजे आपल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या, आणि तिथेच थांबल्या. सगळ्याच्या सगळ्या तेवढ्यावरच! मेल्या म्हणावं तर तसंही नाही. त्याच गाठी काढून जिवंत उंदराच्या अंगात लावल्या की त्या धडाधड वाढायच्या. दोन्हींत फरक एकच दिसत होता. उंदराच्या अंगातल्या गाठीत रक्तवाहिन्या शिरलेल्या होत्या, काचेतल्या गाठीत नव्हत्या.

रक्ताचा पर्याय शोधायला गेलेल्या माणसाच्या हातात हा धागा आला आणि तो त्याने पुढची सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत सोडला नाही. १९६७ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळात प्रमुख शल्यचिकित्सक झाला. शस्त्रक्रिया करताना त्याला जिवंत गाठी दिसत. लाल, गरम, हात लावला की भळाभळा रक्त येणाऱ्या. प्रयोगशाळेतल्या पुष्कळ शास्त्रज्ञांनी गाठ पाहिलेली असायची ती शरीरातून बाहेर काढलेली, पांढरी पडलेली. मला वाटतं, त्याच्या आणि इतरांच्या दृष्टीतला फरक इथूनच सुरू होतो.

१८ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचा लेख आला. योगायोग बघा, त्याच्या पुढच्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी कर्करोगविरोधी कायद्यावर सही केली. फोकमनच्या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर ती दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. गाठ काहीतरी पदार्थ बाहेर सोडते आणि त्या पदार्थाच्या निरोपावरून शेजारच्या रक्तवाहिन्यांना तिच्या दिशेने फांद्या फुटतात. आणि तो निरोप मध्येच अडवला तर गाठीची वाढ रोखता येईल.

शेताला पाणी देताना रात्री-अपरात्री दारं धरायला गेलेल्यांना हे लगेच कळेल. पाट सगळ्यांचा असतो. एखादा शेजारी अंधारात पाटाचा बांध फोडतो आणि पाणी आपल्या वाफ्याकडे वळवतो. गाठ तेच करते. फोकमनचं म्हणणं, पीक उपटत बसण्यापेक्षा फोडलेला पाट बुजवा.

आज हे ऐकायला किती सरळ वाटतं! तेव्हा लोक हसले. तो पदार्थ कोणता ते दाखव, असं विचारलं की त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मेलेल्या पेशींमुळे दाह होतो आणि दाहामुळे रक्तवाहिन्या येतात, हे नेहमीचं उत्तर सर्वांना पुरेसं वाटत होतं. परिषदेत आपण बोलायला उभे राहिलो की लोक उठून बाहेर जायचे, असं पुढे तो स्वतःच सांगायचा. त्यात भर म्हणजे १९७४ मध्ये मोन्सॅन्टो या रसायन कंपनीने हार्वर्डशी २ कोटी ३० लाख डॉलरचा करार करून या संशोधनाला पैसा पुरवला. विद्यापीठाने कारखानदाराचे पैसे घ्यावेत का, यावरूनही वाद झाला. शेवटी १९८१ मध्ये फोकमनने प्रमुख शल्यचिकित्सकाचं पद सोडलं आणि पूर्ण वेळ प्रयोगशाळेत जाऊन बसला.

मधल्या काळात त्याने आणि मायकेल जिम्ब्रोन या त्याच्या सहकाऱ्याने एक सुरेख प्रयोग केला होता. सशाच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, यात मुळात एकही रक्तवाहिनी नसते. त्यात त्यांनी गाठीचा बारीकसा तुकडा बसवला. काही दिवसांत डोळ्याच्या कडेच्या रक्तवाहिन्या त्या तुकड्याकडे सरळ रेघेत वाढत गेल्या. तुकड्याला त्या भिडेपर्यंत तो जेमतेम वाढत होता, भिडल्यावर एकदम फुगला. वाहिनी नसलेल्या जागी वाहिनी उगवली म्हणजे कोणीतरी तिला बोलावलं आहे, हे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

बोलावणारा मात्र सापडत नव्हता. तो सापडला तीन वेगवेगळ्या वाटांनी, आणि मला या इतिहासातला हा सर्वांत रंजक भाग वाटतो.

पहिली वाट हॅरॉल्ड ड्व्होरॅक आणि डोनाल्ड सेंगर यांची. हेही बोस्टनचेच, पण त्यांचा प्रश्न वेगळा. कर्करोग झालेल्या गिनीपिगच्या पोटात पाणी का साठतं? १९८३ मध्ये त्यांनी दाखवलं, की गाठीच्या पेशी एक प्रथिन सोडतात, त्यामुळे रक्तवाहिन्या पाझरू लागतात. त्यांनी नावही तसंच दिलं, वाहिन्या पाझरवणारा घटक. दुसरी वाट फोकमनच्याच प्रयोगशाळेतली. १९८४ मध्ये युएन शिंग आणि मायकेल क्लॅग्सब्रुन यांनी गाठीतून रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन शुद्ध करून हातात दाखवलं. ‘पदार्थ दाखव’ म्हणणाऱ्यांची तोंडं तिथे बंद झाली. पण ते प्रथिन पेशींतून सहजासहजी बाहेर पडत नाही, तेव्हा मुख्य निरोप्या तो नसावा अशी शंका राहिली.

तिसरी वाट नेपोलिओने फेरारा यांची. हे मूळचे सिसिलीचे, कॅलिफोर्नियातल्या जेनेन्टेक कंपनीत काम करणारे. नेमून दिलेलं काम दुसरंच होतं. हे त्यांचं फावल्या वेळातलं वेड. गाईच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतल्या काही पेशी असं काहीतरी सोडतात की त्याने रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वाढतात, एवढं त्यांच्या आधी लक्षात आलं होतं. १९८९ मध्ये त्यांनी ते प्रथिन वेगळं काढलं आणि त्याची जनुकीय रचनाही शोधली. त्याचं नाव व्हीईजीएफ. आणि गंमत अशी, की ड्व्होरॅक यांचं पाझरवणारं प्रथिन आणि फेरारांचं वाढवणारं प्रथिन एकच निघालं! एकाला पोटातलं पाणी दिसत होतं, दुसऱ्याला वाढणारी वाहिनी. दोघेही एकाच पाहुण्याला वेगवेगळ्या दारांतून भेटत होते.

हे प्रथिन काम कसं करतं? रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर त्याला धरणारे ग्राही असतात, कुलपासारखे. व्हीईजीएफ त्या कुलपात किल्लीसारखं बसलं की पेशीच्या आत एकामागून एक निरोप जातात. पेशी विभागते, आजूबाजूचं जाळं सैल करते आणि टोकाला असलेली एक पेशी हाताच्या बोटांसारखे धागे पुढे करून, निरोप जिथून जास्त येतोय त्या दिशेने सरकते. बाकीच्या तिच्या मागे रांगेने येतात. वारीत पुढे पताका घेऊन एकजण चालतो ना, तशी ती टोकाची पेशी.

मग गाठीला कसं कळतं की आता पाणी मागायची वेळ झाली? याचं उत्तर ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांच्या कामातून मिळालं, त्याला २०१९ चं नोबेल मिळालं. पेशीत एचआयएफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं. प्राणवायू पुरेसा असेल तर पेशी ते लगेच मोडून टाकते. प्राणवायू कमी पडला की ते मोडलं जात नाही, साठतं, आणि मग व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. म्हणजे गाठ मोठी होते, मधल्या पेशी गुदमरतात, आणि त्या गुदमरण्यातूनच हाक जाते. फुप्फुसाच्या कर्करोगात आणखी एक भानगड असते. ईजीएफआर, केआरएएस अशा जनुकांत बिघाड झालेला असला तर पेशी गुदमरल्या नसल्या तरी व्हीईजीएफ जास्त सोडतात. तहान नसताना पाणी मागणारे!

इतकं कळल्यावर पुढची पायरी ठरलेलीच. १९९३ मध्ये फेरारांच्या गटाने व्हीईजीएफला मिठी मारून निकामी करणारं प्रतिपिंड उंदरांना दिलं. गाठींची वाढ मंदावली. मग ते माणसाला चालेल असं तयार केलं गेलं. त्याचं नाव बेव्हासिझुमॅब, बाजारातलं नाव अॅव्हास्टिन.

पण ते औषध म्हणून येण्याआधी एक वगनाट्य झालं. फोकमनच्या प्रयोगशाळेत मायकेल ओरायली यांनी शरीरातच तयार होणारी, रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी दोन प्रथिनं शोधली होती, १९९४ मध्ये अँजिओस्टॅटिन आणि १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन. उंदरांत त्यांचा परिणाम थक्क करणारा होता. ३ मे १९९८ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पहिल्या पानावर ही बातमी आली. तीत नोबेलविजेते जेम्स वॉटसन यांच्या तोंडी असं वाक्य होतं, की दोन वर्षांत फोकमन कर्करोग बरा करणार. आपण तसं म्हटलं नव्हतं, असं वॉटसन यांनी नंतर कळवलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. संबंधित कंपनीचा शेअर सुमारे १२ डॉलरवरून एका दिवसात ५० डॉलरच्या वर गेला आणि जगभरातल्या रुग्णांचे फोन बोस्टनला खणखणू लागले. आपल्याला फक्त उंदरांचा कर्करोग बरा करता येतो, असं फोकमन परोपरीने सांगत होता. ऐकतंय कोण? माणसांवरच्या चाचण्यांत त्या औषधांनी काही मोठा चमत्कार केला नाही. ज्याला वीस वर्षं वेडा ठरवलं, त्याला एका रविवारी देव केलं, आणि दोन वर्षांनी पुन्हा बोल लावायला मोकळे. यात त्या माणसाचं म्हणणं मात्र तेच होतं, जे १९७१ मध्ये होतं.

बेव्हासिझुमॅबला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता दिली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये फुप्फुसाच्या. पण फुप्फुसाची वाट सरळ नव्हती. सुरुवातीच्या ९९ रुग्णांच्या चाचणीत सहा जणांना फुप्फुसातून किंवा तोंडावाटे जीवघेणा रक्तस्राव झाला आणि त्यातले चार दगावले. बारकाईने पाहिल्यावर दिसलं, की ‘स्क्वेमस’ नावाच्या प्रकारात हा धोका जास्त आहे. या गाठी बऱ्याचदा छातीच्या मध्यभागी, मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून असतात आणि आतून पोकळ होतात. तिथे पाटाची डागडुजी करायला जावं तर बांधच खचायचा. म्हणून पुढच्या मोठ्या चाचणीत हा प्रकार वगळला, आणि ज्यांना खोकल्यातून रक्त पडत होतं त्यांनाही.

त्या चाचणीत ८७८ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीची केमोथेरपी आणि निम्म्यांना केमोथेरपी अधिक बेव्हासिझुमॅब. निकाल २००६ मध्ये आला. मध्यक आयुष्य पहिल्या गटात १०.३ महिने, दुसऱ्यात १२.३ महिने. म्हणजे दोन महिने जास्त.

दोन महिने! पस्तीस वर्षांच्या खटाटोपाचं फळ दोन महिने?

हा प्रश्न मला एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर विचारला होता. त्याच्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता आणि डॉक्टरांनी हे औषध सुचवलं होतं. “बाई, दोन महिन्यांसाठी एवढं सगळं करायचं का हो?” त्याला काय उत्तर द्यायचं? औषधाचं मी काय सांगणार, ते डॉक्टरांनीच सांगायचं. पण ‘मध्यक’ म्हणजे काय ते मला सांगता येत होतं, तेवढं सांगितलं. वर्गातल्या मुलांना गुणांप्रमाणे ओळीने उभं केलं, तर मधोमध उभ्या असलेल्या मुलाचे गुण म्हणजे मध्यक. सगळ्यांना दोन-दोन गुण वाढवून दिले असा त्याचा अर्थ नव्हे. कुणाला काहीच मिळत नाही, कुणाला पुष्कळ मिळतं. त्याच चाचणीत एक वर्षानंतर शंभरातले ४४ ऐवजी ५१ जण हयात होते, आणि दोन वर्षांनंतर १५ ऐवजी २३. आणि दुसरी बाजूही तितकीच खरी. औषधाच्या गटात उपचारांमुळे १५ मृत्यू झाले, त्यातले पाच फुप्फुसातल्या रक्तस्रावाने. नुसत्या केमोथेरपीच्या गटात असे दोनच. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवूनच घरच्यांनी ठरवायचं असतं. “मी बाबांनाच विचारतो,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. मला ते फार बरं वाटलं. अशा वेळी सगळे आपसांत बोलतात आणि ज्याचा जीव आहे त्याला विचारायचंच राहून जातं.

युरोपातल्या दुसऱ्या एका चाचणीत, वेगळ्या केमोथेरपीबरोबर, गाठीची वाढ लांबली पण आयुष्यात फरक दिसला नाही. मग फोकमन चुकला का? की अर्धाच बरोबर होता?

याचं एक उत्तर फुप्फुसाच्या रचनेतच आहे. १९९७ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रान्सेस्को पेझेला यांच्या गटाने फुप्फुसाच्या शेकडो गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यातल्या काहींमध्ये त्यांना नवीन रक्तवाहिन्यांचा मागमूसही दिसला नाही. तरी गाठी वाढलेल्या! कशा? फुप्फुसात लक्षावधी वायुकोश असतात आणि प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचं जाळं आधीपासूनच विणलेलं असतं. कर्करोगाच्या पेशी ते वायुकोश भरत जातात आणि आयत्या वाहिन्या वापरतात. ज्याची जमीनच नदीकाठी, त्याने पाट कशाला फोडावा? अशा गाठीपुढे पाट बुजवणारं औषध काय करणार! शिवाय व्हीईजीएफ बंद केलं तर काही गाठी दुसऱ्या एखाद्या प्रथिनाकडून तोच निरोप पाठवतात. आणि आपल्या निरोगी वाहिन्यांनाही थोडं व्हीईजीएफ लागतंच. उंदराच्या गर्भात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी नसली तरी गर्भ जगत नाही, हे १९९६ मध्येच दिसलं होतं. म्हणूनच या औषधाने रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जातात, जखमा भरायला वेळ लागतो.

दुसरं उत्तर दिलं ते आपल्याकडच्या एका माणसाने. राकेश जैन, मूळचे उत्तर प्रदेशातल्या ललितपूरचे, कानपूरच्या आयआयटीतून केमिकल इंजिनिअर झालेले, पुढे हार्वर्डला प्राध्यापक. इंजिनिअरच्या नजरेने ते गाठीतल्या वाहिन्यांकडे बघत होते. त्यांना दिसलं, की त्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. (ड्व्होरॅक यांचं पाझरणं आठवलं का?) गळती इतकी, की आतला दाब वाढतो आणि रक्तातून आलेलं केमोथेरपीचं औषध गाठीत पोचतच नाही. २००१ मध्ये त्यांनी मांडलं, की व्हीईजीएफ अडवणारं औषध योग्य मात्रेत दिलं तर काही काळ या वाहिन्या सरळ, नीट होतात आणि त्याच वाटेने केमोथेरपी आत शिरते. म्हणजे फोकमनला पाट बुजवायचा होता, जैन म्हणाले आधी पाट दुरुस्त करा! वरवर उलटं वाटतं, पण हे औषध एकट्याने फारसं काही करत नाही आणि दुसऱ्या औषधाबरोबर दिलं की उपयोगी पडतं, याचा मेळ या विचाराने बऱ्यापैकी लागतो. कर्करोगतज्ज्ञ नसलेल्या माणसाचं हे म्हणणं पचायलाही वेळ लागलाच. २०१६ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञानपदक मिळालं.

पुढचा इतिहास या ‘जोडीने काम करण्या’चाच आहे. २०१४ मध्ये रॅमुसिरुमॅब आलं. ते किल्लीऐवजी कुलूपच अडवतं. आधीचे उपचार थकलेल्या फुप्फुसाच्या रुग्णांत मध्यक आयुष्य ९.१ वरून १०.५ महिने झालं. ईजीएफआरमध्ये बिघाड असलेल्या रुग्णांत एर्लोटिनिबच्या गोळीबरोबर तेच दिल्यावर गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा काळ १२.४ वरून १९.४ महिन्यांवर गेला, असं २०१९ मध्ये दिसलं. पण एकूण आयुष्यात ठळक फरक नंतरही आढळला नाही. व्हीईजीएफ शरीराच्या संरक्षक पेशींनाही दाबून ठेवतं, हेही कळलं होतं. म्हणून प्रतिकारशक्ती जागवणारं अॅटेझोलिझुमॅब, बेव्हासिझुमॅब आणि केमोथेरपी एकत्र देऊन पाहिलं. २०१८ च्या त्या निकालात मध्यक आयुष्य १४.७ वरून १९.२ महिने झालं. १०.३, १२.३, १९.२... पायरी पायरीने. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एकाखाली एक मांडून तुलना करू नये हे खरं, पण पावलं कुठल्या दिशेने पडताहेत एवढं त्यातून दिसतं.

आणि आता या कथेतला अगदी अनपेक्षित भाग. म्हातारपणी काही जणांच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात, आणि समोरचं दिसणं जातं. मधुमेहातही पडद्यावर असा पाझर होतो. निरोप्या तोच, व्हीईजीएफ! २००५ मध्ये मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगाचं बेव्हासिझुमॅब अगदी थोड्या मात्रेत डोळ्यात टोचून पाहिलं. दृष्टी वाचू लागली. २००६ मध्ये त्याचंच डोळ्यासाठी बनवलेलं भावंड, रॅनिबिझुमॅब, मान्य झालं. एका मात्रेला तेव्हा एकाचे सुमारे ५० डॉलर पडत, तर दुसऱ्याचे सुमारे २०००. २०११ मध्ये अमेरिकी सरकारच्या खर्चाने झालेल्या चाचणीत दोन्हींनी दृष्टी सारखीच सुधारते असं दिसलं. आमच्या आक्कांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं म्हटल्यावर आधी घर डोक्यावर घेतलं होतं, ते नातेवाईक मंडळींना आठवत असेल. आता त्या पुन्हा पोथी वाचतात. गिनीपिगच्या पोटातलं पाणी आणि सशाचा डोळा यांचा धागा आक्कांच्या पोथीपर्यंत येतो, हे मी त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “सशाला पाप नको लागायला!”

ज्यूडा फोकमन १४ जानेवारी २००८ रोजी डेन्व्हरच्या विमानतळावर हृदयविकाराच्या झटक्याने गेले. एका परिषदेला निघाले होते. बातमीतले ‘दोन वर्षांत कर्करोग बरा’ हे त्यांच्या हयातीत झालं नाही, त्यानंतरही झालेलं नाही. पण १९७१ मध्ये त्यांनी जे कागदावर मांडलं होतं, त्याची औषधं त्यांनी आपल्या डोळ्यांनी रुग्णांपर्यंत पोचलेली पाहिली. भारतातही २०१६ च्या सुमारास बेव्हासिझुमॅबच्या स्वस्त प्रतिकृती निघाल्या आणि आपल्याकडच्या इस्पितळांत हे नाव ओळखीचं झालं.

या सगळ्यातून माझ्यासारख्या इतिहासाच्या बाईने काय घ्यायचं? मला वाटतं, एवढंच, की एखाद्या शोधाचं माप घ्यायला घाई करू नये. हसणाऱ्यांनी ती केली आणि नाचणाऱ्यांनीही केली. खरं माप मधल्या साध्या प्रश्नांतून कळतं. गाठ कुठल्या प्रकारची आहे? फायदा शंभरातल्या किती जणांना झाला आणि किती? धोका कोणाला जास्त? हेच प्रश्न १९९८ च्या त्या रविवारी विचारले असते तर कितीतरी घरांचा आशाभंग टळला असता. आणि हेच प्रश्न आज आपल्यापैकी कोणावर वेळ आली तर डॉक्टरांसमोर बसून, वहीत लिहून नेऊन, शांतपणे विचारता येतात. चांगल्या डॉक्टरला त्यांचा राग येत नाही.

असो. लेख लांबला. पुढच्या खेपेला नेहमीप्रमाणे किल्ल्यांकडे वळते. तोवर प्रकृतीला जपा.